लाकूड शेतकऱ्याचं, हात सुताराचे

वस्तुविनिमयाची गोष्ट पाठ्यपुस्तकात ठरलेली असते. एकाकडे जोडे आहेत, त्याला धान्य हवंय. धान्यवाल्याला जोडे नकोत, मडकं हवंय. दोघांची गाठ काही पडेना, म्हणून पैसा जन्माला आला. अॅडम स्मिथने १७७६ मध्ये ती सांगितली, जेव्हन्सने १८७५ मध्ये तिला शास्त्रीय भाषा दिली आणि अर्थशास्त्राची मुलं ती अजून पाठ करतात. कॅरोलिन हम्फ्री या इंग्रज मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ मध्ये स्वच्छ लिहिलं, की निव्वळ अशा अदलाबदलीवर चाललेली अर्थव्यवस्था आजवर कुणी पाहून नोंदवलेलीच नाही. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे ऐकून नवल वाटलं नसतं. जोडे हातात घेऊन धान्यवाल्याच्या शोधात हिंडणारा चांभार त्यांनी कुठे पाहिला होता? जोडा आधी जायचा, धान्य सुगीत यायचं. मधल्या आठ-दहा महिन्यांचा हिशेब कागदावर नसला तरी गावात कुणी विसरत नसे.

या रीतीवर, म्हणजे बलुतेदारीवर, मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यातलं बरंचसं एक तर गावगाड्याच्या आठवणींनी गहिवरलेलं असतं किंवा त्याचा निकाल लावून मोकळं झालेलं. मला त्यातल्या कारागिरीच्या व्यवहाराकडे जरा जवळून बघायचं आहे. हातानं घडवलेली वस्तू द्यायची आणि बदल्यात हत्यार, कच्चा माल, धान्य किंवा दुसऱ्याची सेवा घ्यायची, हे प्रत्यक्षात कसं चालायचं? आणि त्यात दर कोण ठरवायचं?

सुताराचंच बघा. नांगर, कुळव, पाभर, जू ही औतं नीट ठेवणं हे त्याचं बलुत्याचं काम. पण लाकूड त्याचं नसे. बांधावरची बाभूळ तोडून, वाळवून, ओंडका त्याच्या दारात आणून टाकायचा तो शेतकऱ्यानं. लोहाराकडेही तीच तऱ्हा. लोखंड शेतकऱ्याचं आणि पुष्कळ गावांत कोळसाही त्याचाच. फाळ शेवटून घ्यायला आलेला कुणबी नुसता बसून राहत नसे. लोहार सांडशीत फाळ धरून तो भट्टीत सरकवी आणि कुणबी भाता ओढी. लाल झालेलं लोखंड ऐरणीवर आलं की कुणबीच घण उचली. लोहार हातातल्या लहान हातोड्यानं जिथे ठोका दाखवी तिथेच घण पडायचा. टोक निमुळतं झालं की फाळ पाण्यात जाई, चर्रर आवाज होई. त्या पाण्यातून फाळ कधी काढायचा हे मात्र लोहाराखेरीज कुणाला कळत नसे. माल शेतकऱ्याचा आणि अंगमेहनत दोघांची. कारागिराची म्हणून जी गोष्ट मोजायची, ती त्या पाण्यातल्या क्षणापुरती उरत होती. तिचा दर नगाप्रमाणे लावायचा तरी कसा? म्हणून तो वर्षावर लावलेला.

बाभळीचा उल्लेख आला आहे तर थोडं आडवळण घेतो. देशावरच्या कारागिरीचं निम्मं भांडवल या एका काटेरी झाडात होतं. खोड सुताराकडे जाई आणि फांद्यांचा कोळसा लोहाराच्या भट्टीत. साल ढोराकडे, कारण कातडं कमवायला तीच लागे. त्या कातड्याची मोट होई आणि लोहाराचा भाताही होई. मोटेला नाडा लागे, तो मांग वळी. त्यासाठी शेतकरी पिकाच्या कडेनं अंबाडी पेरी. मोट चालली की बांध ओला राही, आणि बाभूळ तर काय, न लावताही उगवते. कुठलाही माल विकत आणलेला नाही, फार तर लोखंड आणि मीठ बाहेरचं. पैसा कमी लागत होता याचं मोठं कारण हे आहे. गावकऱ्यांच्या भाबडेपणाशी त्याचा संबंध नाही.

कारागिरांचं आपसात काय चाले, याकडे अभ्यासकांनी कमी लक्ष दिलं. कुंभाराचं चाक सुतार करून देई, सुताराच्या घरी रांजण आणि गाडगी कुंभाराची असत. सुताराचा वाकस आणि किंकरं लोहाराच्या हातची, लोहाराच्या हातोड्याचा दांडा सुताराचा. न्हाव्याची धोकटी चांभार शिवी, चांभाराची दाढी न्हावी करी. इथे धान्य मापलं जात नसे, परस्पर फिटंफाट होई. शेतकऱ्याशी हिशेब वर्षाचा होता, आपसातला पिढ्यांचा. कोण कुणाला किती लागतो हे कुणी पुसलं असतं तर भांडणंच झाली असती. त्यामुळे ते कुणी पुसत नसावं, असा माझा अंदाज आहे.

बलुत्यात सगळं काम येत नसे, हेही लक्षात ठेवायला हवं. दुरुस्ती आणि औतं बलुत्यात. नवी गाडी, घराचा दरवाजा, लग्नाचा चौरंग, नवी मोट असली कामं बहुतेक ठिकाणी वेगळी. त्याचं धान्य वेगळं ठरे, कधी रोकडा, शिवाय काम चालू असेतो जेवण. म्हणजे ज्या वस्तूत कारागिराचं कसब डोळ्यांत भरावं, तिच्यासाठी वाटाघाट होती. रोजच्या, न दिसणाऱ्या कामासाठी परंपरा होती. आजच्या मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टवाल्यांना ही विभागणी चांगली समजेल.

सुगीत खळ्यावर रास पडली की बलुतेदार येत. कुठे नांगरामागे ठरलेलं धान्य, कुठे पाचुंद्यांच्या हिशेबानं कडबा-कणसं. मापं समान नव्हती. थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन कासा मानल्या जात. शेतकरी ही गाय आणि बलुतेदार तिची वासरं, अशी ती कल्पना. यादी प्रांताप्रांतात बदलते, पण सुतार, लोहार आणि महार थोरल्या कासेत बहुधा असतातच. कुंभार, न्हावी, परीट मधल्या कासेत. पूजाअर्चा करणारा भट आणि गुरव धाकट्या कासेत! शेतीला जो जितका लागतो तितकं त्याचं माप मोठं, असा रोखठोक हिशेब. जातीची उतरंड या मापानं काही हलली नाही. थोरल्या कासेचा हक्कदार महार वेशीबाहेरच राहिला. त्याच्या पदरात धान्य वरून टाकलं जाई. गावची अठरा कामं करणाऱ्या महारामांगांची हजामत गावचा न्हावी करीत नसे, त्यांचे कपडे परीट धूत नसे. देवघेवीचं जे जाळं मी वर रंगवलं, त्यातली काही दारं त्यांच्यासाठी बंदच होती. दया पवारांनी १९७८ साली आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिलं, तेव्हा शहरी वाचकाला त्या धान्याची दुसरी चव कळली.

गाव आणि कारागीर यांचं नातं नेमकं काय होतं, यावर हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकारानं फार मोलाचं काम केलं आहे. सतराव्या-अठराव्या शतकातली मराठी कागदपत्रं वाचून तो या निष्कर्षाला आला, की इथला बलुतेदार एखाद्या घराण्याचा आश्रित नव्हता, तो साऱ्या गावाचा वतनदार चाकर होता. उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यावर विल्यम वायझर यांनी १९३६ मध्ये लिहिलेल्या जजमानीच्या पुस्तकात घराशी घर बांधलेलं दिसतं. आपल्याकडे तसं नाही. वतन म्हणजे हक्क. तो वारसानं येई, भावाभावांत वाटला जाई, विकलाही जाई, आणि त्यावरून तंटे होऊन गोतापुढे निवाडे होत. गोव्यातल्या ‘गावकरी’ संस्थांची तऱ्हा याहून थोडी वेगळी. तिथे गावच्या सामायिक जमिनीतला तुकडाच कारागिराला आणि देवळाच्या सेवेकऱ्याला लावून दिलेला असे.

वतनाची दुसरी बाजू अशी, की शेतकऱ्याला सुतार बदलता येत नसे. सुतारालाही गिऱ्हाईक नाकारता येत नसे. मृग तोंडावर आला की सुताराच्या दारात औतांची रांग लागे आणि ज्याचं माप मोठं त्याचं औत आधी होई. लहान शेतकरी खेटे घालून थके. १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिणारे त्रिंबक नारायण आत्रे महसूल खात्यातले, खेडं आतून पाहिलेले. त्यांची सहानुभूती शेतकऱ्याकडे आहे. काम होवो न होवो, रास पडली की मागणाऱ्यांची रीघ लागते, या रीतीनं कुणबी नागवला जातो, असा त्यांचा रोख. त्यांचं निरीक्षण पक्कं आहे. फक्त त्यांनी हिशेब बहुधा राशीपाशी उभं राहून केला. ऐरणीपाशी उभं राहून केला असता तर आकडा थोडा वेगळा आला असता. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. महारांचं बलुतं शेतकऱ्याच्या मर्जीवर न ठेवता त्याचं रोख करात रूपांतर व्हावं, ही त्यातली एक मागणी होती. आत्रे आणि आंबेडकर दोन टोकांना उभे, पण धान्याऐवजी पैसा यावा हे दोघांनाही पटत होतं. विधेयक मंजूर झालं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं.

कारागिरांचं बलुतं मात्र कायद्यानं संपलं नाही, ते आपोआप आटलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर काढला. लोखंडानं जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी आधी त्याला बिचकत होते, असं सांगतात. भीती चुकीच्या जागी होती. जमिनीला काही झालं नाही, सुताराच्या दारातली रांग मात्र लहान झाली. बिडाचा फाळ गावच्या भट्टीत शेवटता येत नाही, तो रोखीनं विकत आणावा लागतो. पुढे इंजिन आणि विजेचे पंप आले, मोट गेली, आणि मोटेमागोमाग ढोर, चांभार, मांग या तिघांचं एकेक काम गेलं. जर्मनच्या पातेल्यांनी कुंभाराची चूल थंड केली. त्यात ऊस आला. उसाची रास पडत नाही, तो गाडीत भरून थेट कारखान्याला जातो आणि पैसे बँकेत येतात. खळंच नाही, तर सुतारानं जाऊन उभं राहायचं कुठे?

माझ्या मते सर्वांत मोठा धक्का हाच, आणि अभ्यासकांनी त्याला पुरेसं महत्त्व दिलेलं नाही. बलुतं पिकावर अवलंबून होतं. पीक बुडालं तर कारागिराचंही बुडे, पण पिकलं तर सगळ्यांदेखत पिके. नगदी पिकानं ते उघडं माप झाकून टाकलं.

हा बदल एकाच गावात पाहता येतो. थॉमस कोट्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरनं १८१९-२० च्या सुमारास पुण्याजवळच्या लोणी गावाची बारकाईनं पाहणी केली, तीत बलुतेदारांची माहिती आहे. पुढे सुमारे सव्वाशे वर्षांनी समाजशास्त्रज्ञ डॉ. घुर्यांनी तेच गाव, म्हणजे लोणीकंद, पुन्हा अभ्यासलं. आज पुणे-नगर रस्त्यानं जाताना ते गाव गोदामांच्या आणि गाड्यांच्या गर्दीत ओळखू येत नाही.

काही गावांत न्हावी आणि परीट अजून वर्षाचं धान्य घेतात. नवरात्रात घट आणि संक्रांतीला सुगडं देणाऱ्या कुंभाराला धान्याचं सूपही मिळतं. शहरात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात येते. तिचा व्यवहार बलुत्याच्या अगदी उलटा. उधारी नाही, ओळख नाही, जरीच्या पदरावरून दहा मिनिटं घासाघीस आणि जागच्या जागी निकाल. पाठ्यपुस्तकातली अदलाबदल पाहायची असेल तर ती हीच. २०१७ च्या जीएसटी कायद्यातही विक्रीबरोबर वस्तुविनिमय आणि अदलाबदल ‘पुरवठ्या’त स्पष्टपणे धरली आहे. त्यामुळे रांजण देऊन दाढी करून घेणारा कुंभार तत्त्वतः त्या व्याख्येत बसतो. उलाढाल मर्यादेच्या आत म्हणून सुटतो, इतकंच.

औतामागे बलुतं देणाऱ्या गावांत आता वेगळाच पेच आहे. माप ठरायचं बैलांच्या जोडीवरून किंवा नांगरावरून. ट्रॅक्टर भाड्यानं आणणाऱ्याच्या दावणीला बैलच नाही, मग त्याच्याकडे किती पायल्या मागायच्या? काही ठिकाणी एकरावर ठरवतात, काही ठिकाणी घरटी पैसे काढतात. बाकी ठिकाणी सुतारानं गावात फर्निचरचं दुकान टाकलं आहे, आणि तिथे लाकूडही त्याचंच असतं.