नाव नसलेल्या वीरांची नोंद

जुन्नर-आंबेगावच्या गावांत जुन्या शिवमंदिराच्या आवारात, वेशीजवळ, कधी झाडाखालच्या पारावर काळ्या पाषाणाच्या कोरीव शिळा उभ्या दिसतात. कुणी त्यांना नुसतं ‘वीर’ म्हणतं, कुणी देव मानून शेंदूर लावतं. हे वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसांची गावानं उघड्यावर जपलेली आठवण.

वीरगळ वाचायचा खालून वर. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला; तिथेच किंवा वरच्या चौकटीत ढाल-तलवारीची झुंज. गाईगुरं कोरलेली असली, तर गोधन राखताना तो पडला असं समजायचं. मग अप्सरा त्याला स्वर्गात नेतात आणि सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य. शेजारी कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात दिसला, की ती सतीशिळा.

नाणेघाटाची व्यापारी वाट सातवाहनकाळापासून वाहती, त्यामुळे जुन्नरच्या पेठेत पैसा होता आणि पैशामागोमाग हत्यारंही येत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी रात्री दोराच्या शिड्यांवरून शहरात उतरून ३ लाख होन आणि २०० घोडे नेले. बहुतेक वीरगळ मात्र त्याच्याही कितीतरी आधीचे, शिलाहार-यादवांच्या काळातले.

वीरगळांच्या नोंदीचं काम सकाळी. तिरपं ऊन पडलं, की झिजलेली तलवारही उठून दिसते. दुपारी तीच शिळा सपाट वाटते. धूळ मऊ ब्रशनं आणि साध्या पाण्यानं काढायची. तारेचा ब्रश आणि ॲसिड वर्ज्य. ऑइलपेंट तर सर्वांत वाईट, कारण बारीक कोरीवकाम त्याखाली बुजतं. मग उंची, रुंदी, जाडी. मोजपट्टी ठेवून प्रत्येक चौकटीचा फोटो. शिळेचं तोंड कुठल्या दिशेला आहे, लोक तिला काय म्हणतात, हेही लिहायचं. शिळा हलवायची नाही. तिची जागा हाही पुरावाच.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाची मोटार अडवताना गेले. त्यांचं नाव आज डिंभे धरणाच्या जलाशयाला आहे. शिळेतल्या वीराचं नाव मात्र गेलंच. त्याच जलाशयात जुनं आंबेगाव गाव बुडालं, म्हणून जागेची नोंद वेळेत होणं किती गरजेचं, हे या तालुक्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आज मोठा धोका जीर्णोद्धाराचा. नवं मंदिर बांधताना अशा शिळा पायात घातल्या जातात किंवा राडारोड्यात जातात. म्हणून नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि दुसरी मंदिर समितीच्या हातात, पाया खणण्याआधी पोचायला हवी.