थायलंडमध्ये स्कूटरवरून पडलात तर? उपचार, इन्शुरन्स आणि परतीचं विमान, सगळं समजून घ्या

फुकेत किंवा क्राबीला गेलेल्या ग्रुपमध्ये भाड्याच्या स्कूटरवरून पडलेला एखादा तरी सापडतोच. समुद्राकडे उतरणारा रस्ता, वळणावर वाळू, पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला, की गुडघा आणि कोपर सोलून निघालेच. बॅकपॅकर मंडळी या खुणांना गमतीने ‘थाय टॅटू’ म्हणतात. पडलेला उठतो, कपडे झटकतो आणि म्हणतो, “काही नाही रे, चल.” घरी सांगायचं नाही, हेही लगेच ठरतं.

गडबड इथूनच सुरू होते. अपघात किरकोळ असला तरी पुढच्या काही तासांत तुम्ही काय करता, त्यावर जखम किती रेंगाळणार आणि खिशाला किती चाट बसणार हे ठरतं.

पडल्यावर लगेच काय करायचं?

आधी रस्त्याच्या कडेला या. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १६६९ आणि टुरिस्ट पोलिसांसाठी ११५५ हे नंबर आहेत. जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, बाटलीतलं पिण्याचं पाणीही चालेल. वाळू आत राहिली तर जखम चिघळते. टूथपेस्ट, हळद असले प्रयोग नकोत. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

डोक्याला मार लागला असेल आणि नंतर उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बोलताना गोंधळ जाणवला, तर थेट हॉस्पिटल गाठा. त्या रात्री बिअर नको आणि पडलेल्याला एकटं झोपू देऊ नका. जखम सुकेपर्यंत समुद्र आणि स्विमिंग पूलही बंद.

इन्शुरन्स कंपनीला फोन कधी करायचा?

शक्यतो बिल भरण्याआधी. पॉलिसीवर परदेशातून लावायचा मदतीचा नंबर असतो. अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर कॅशलेसची परवानगी तिथूनच मिळते. ड्रेसिंग, एक्स-रे अशा छोट्या खर्चाचे पैसे अनेकदा आधी आपण भरायचे आणि नंतर क्लेम करायचा असतो. म्हणून डॉक्टरांचा रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी, प्रत्येक बिल आणि पावती जपून ठेवा. सगळ्यांचे फोटोही काढून ठेवा.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. थायलंडमध्ये प्रत्येक गाडीला सक्तीचा विमा असतो, त्याला ‘पो रो बो’ म्हणतात. त्यातून चूक कोणाची हे न बघता उपचारांसाठी ३०,००० बाटपर्यंत प्राथमिक मदत मिळू शकते. स्कूटर देणाऱ्याकडे त्याचे कागद मागा आणि हॉस्पिटलमध्ये दाखवा.

क्लेम कुठे अडकतो?

लायसन्सवर. भारतातलं नेहमीचं लायसन्स तिथे पुरत नाही, सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते आपल्याच आरटीओकडून मिळतं आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. त्यात दुचाकीची नोंद हवी. फक्त कार चालवायचं लायसन्स असेल, तर परमिटवर स्कूटर चालवता येत नाही. दुकानदार काही न विचारता किल्ली देतो म्हणून सगळं कायदेशीर आहे, असं समजू नका. वैध लायसन्स नसेल किंवा दारू प्यायलेली असेल, तर बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत.

दुसरा अडथळा पासपोर्टचा. डिपॉझिट म्हणून तो दुकानात ठेवला असेल तर अपघातानंतर अडचण दुहेरी होते. हॉस्पिटल पासपोर्ट मागतं आणि दुकानदार नुकसानभरपाई मिळेपर्यंत तो सोडत नाही. त्यामुळे रोख डिपॉझिट आणि पासपोर्टची झेरॉक्स घेणारं दुकान शोधा. गाडी ताब्यात घेताना तिचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, म्हणजे जुने ओरखडे तुमच्या माथी येणार नाहीत.

प्लास्टर घालून विमानात बसता येतं का?

येतं, पण लगेच नाही. ताज्या फ्रॅक्चरला सूज येते आणि घट्ट प्लास्टरखाली रक्तपुरवठा अडू शकतो. म्हणून नवं प्लास्टर घातल्यावर लांबच्या विमानासाठी अनेक एअरलाइन्स ४८ तास थांबायला सांगतात, किंवा प्लास्टर चिरून सैल केलेलं असावं असा आग्रह धरतात. ‘प्रवासासाठी फिट’ असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या आणि एअरलाइनला आधीच कळवा. व्हीलचेअरही आधी सांगूनच मिळते.

आणि घरी?

सांगा. आई आधी ओरडेल, मग “जेवलास का?” विचारेल. पण पॉलिसीची कॉपी मेलमध्ये शोधणं, इथल्या एजंटला गाठणं, ओळखीच्या डॉक्टरांना एक्स-रे दाखवणं ही कामं घरचेच करू शकतात. उरलेल्या ट्रिपमध्ये दोन बेटं कमी झाली तरी चालतील. पाय वर ठेवून समुद्र बघत बसणं हीसुद्धा सुट्टीच आहे.