घड्याळ उलटं करून बघा

दादा भिलाईच्या पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर नोकरीला आहे. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली भट्टी सुरू झाली. त्यानंतर नागपूर-वर्ध्याकडची जी मराठी कुटुंबं कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरांतल्या क्वार्टरांमध्ये राहायला आली, त्यातलं आमचं एक. दादाची लेक पुण्यात नोकरी करते. यंदा वाढदिवसाला तिचा फोन आला, "बाबा, तुमचं घड्याळ जुनं झालं. सिरीज ११ पाठवते." दादाच्या हातात ॲपलचं सिरीज ९ आहे, म्हणजे २०२३ चं. नव्याची किंमत तेव्हा ४६,९०० रुपयांपासून पुढे होती. दादाने मला विचारलं, "तू विज्ञानावर लिहितेस ना, मग सांग. पाठवू देऊ का तिला?"

मी घड्याळ त्याच्या हातातून काढून घेतलं आणि उलटं केलं.

दुकानात घड्याळ समोरून दाखवतात. पडदा मोठा झाला, कडा बारीक झाली, नवा रंग आला, असं सगळं. पण तुमच्या शरीराबद्दल घड्याळाला जे काही कळतं, ते सगळं पाठीकडून कळतं. तिथे काचेचा एक घुमट असतो. त्याच्याखाली बारीक दिवे आणि परतलेला प्रकाश टिपणारे डोळे असतात. नवं मॉडेल घ्यायचं की नाही, हा प्रश्न मला तरी एवढाच दिसतो: नव्या घड्याळाच्या पाठीवर जुन्यापेक्षा वेगळं काही आहे का?

दादाच्या घड्याळाच्या पाठीवर आणखी एक गोष्ट होती, काचेच्या कडेने जमलेली काळी भुकटी. चार्जर नीट चिकटावा म्हणून आत चुंबक असतं. पोलादाच्या गावात चुंबक मनगटावर घेऊन फिरलं की त्याला लोखंडाची धूळ चिकटणारच. ओल्या फडक्याने मी ती पुसली, पट्टा एक भोक घट्ट केला आणि घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवलं. जिना चढताना नाडीचा आकडा मध्येच गायब होतो, ही त्याची जुनी तक्रार होती. ती त्या दिवसापासून बरीच कमी झाली.

कारण साधं आहे. नाडी मोजताना घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकतं. रक्त हिरवा रंग भरपूर शोषतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्ताची लाट येते आणि परतणारा प्रकाश किंचित कमी होतो. लाट ओसरली की तो पुन्हा वाढतो. हे चढउतार मोजले की नाडी मिळते. हिरवा प्रकाश फार खोल जात नाही, त्यामुळे हात हलला तरी त्यात गोंधळ कमी होतो. मात्र घड्याळ सैल असलं, मध्ये घाम किंवा धूळ असली, तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि ती इवलीशी लाट त्यात बुडून जाते.

हिरवा रंग रक्ताखेरीज आणखी एक गोष्ट शोषते, ती म्हणजे कातडीतलं मेलॅनिन. आणि गोंदणाची शाई तर प्रकाशाची वाटच अडवते. भिलाईतल्या सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचे हात बघा. त्यांच्या हातांवर हिरवट-काळं गोदना असतं. आपल्याकडच्या आज्यांच्या हातावर तुळस नि ठिपके असत, पण छत्तीसगडचं गोंदण त्याहून दाट, रेघेला रेघ लागून. अशा मनगटावर सगळ्यात महागडं घड्याळही चाचपडतं. गोंदणाची शाई प्रकाश अडवू शकते, असं कंपन्या स्वतःच लिहितात. हा दोष मॉडेल बदलून जात नाही. अशा माणसाला व्यायामाच्या वेळी नाडी बघायची असेल, तर छातीला बांधायचा पट्टा घ्यावा. तो प्रकाशाने नाही, हृदयाच्या विजेने मोजतो.

आता पाठीवरच्या दुसऱ्या दिव्यांकडे येते. एक लाल असतो, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. कोविडच्या काळात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरोघरी आलं, त्याच तत्त्वावर हे चालतात. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी ही कल्पना मांडली. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश बराचसा जाऊ देतं, ऑक्सिजन सोडलेलं तो जास्त अडवतं. अवरक्त प्रकाशात हे प्रमाण उलटतं. म्हणून ६६० आणि ९४० नॅनोमीटर, अशा दोन रंगांची तुलना केली की रक्तात ऑक्सिजन किती टक्के आहे, हे कळतं. बोटात प्रकाश आरपार जातो. मनगटात हाडं आडवी येतात, म्हणून परावर्तित होऊन आलेल्या फिकट प्रकाशावर भागवावं लागतं.

रुग्णालयातली यंत्रंसुद्धा इथे चुकतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्त काढून तपासलं, तर प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८ च्या खाली असल्याचं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळलं, आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा. सावळ्या कातडीच्या देशात हा आकडा प्रत्येक खरेदीदाराने लक्षात ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

पण भिलाईत या दोन दिव्यांची खरी परीक्षा वेगळीच आहे.

१२ जून २०१४ ला इथल्या कारखान्यात भट्टीचा वायू गळला आणि ६ जणांचा जीव गेला. त्या दिवसाची आठवण सेक्टरांमधल्या घराघरात आहे, अजूनही कुणी त्याबद्दल मोठ्याने बोलत नाही. ब्लास्ट फर्नेसच्या वायूत साधारण चौथा-पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो, त्यामुळे ऑक्सिजनला बसायला जागाच उरत नाही.

आणि त्या दोन दिव्यांना काय दिसतं? कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात जवळजवळ ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र ९८ दाखवतं. यंत्र बिघडलेलं नसतं. दोन रंगांतून दोन अज्ञातं सुटतात. तिसरं अज्ञात आलं की गणित सुटत नाही, ते गुपचूप चुकीचं उत्तर देतं. हे सोडवायचं तर आणखी रंग लागतात. सात किंवा त्याहून जास्त रंग वापरून कार्बन मोनॉक्साइड वेगळा ओळखणारी यंत्रं २००५ पासून रुग्णालयांत आहेत. दादाने उद्या कुठलंही स्मार्टवॉच घेतलं तरी हा तिसरा पदार्थ त्याला कळणार नाही. भट्टीजवळ काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने खरं 'नवं मॉडेल' म्हणजे तो ओळखणारं घड्याळ, आणि ते अजून बाजारात आलेलं नाही.

दादाला हे नवीन नव्हतं. तो म्हणाला, "म्हणून तर आम्ही छातीपाशी डबी लावतो." त्या डबीत एक छोटा रासायनिक सेन्सर असतो. हवेतला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला की इलेक्ट्रोडवर त्याचं ऑक्सिडीकरण होतं, बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो आणि ठरलेली पातळी ओलांडली की डबी किंचाळते. रक्तात जे दिसत नाही ते हवेत पकडायचं, एवढंच तिचं काम.

मग नव्या घड्याळात आहे काय? सप्टेंबर २०२५ मध्ये सिरीज ११ आलं तेव्हा सगळ्यात मोठी बातमी होती रक्तदाबाच्या इशाऱ्याची. हे घड्याळ रक्तदाबाचा आकडा देत नाही. पाठीवरचे दिवे ३० दिवस नाडीच्या लाटेचा आकार बघत राहतात, आणि दाब सतत जास्त असल्याची लक्षणं दिसली की घड्याळ सांगतं, दाब तपासून घ्या. कल्पना चांगली आहे. पण ही सोय ज्या ज्या देशात मिळते, तिथे २०२३ च्या सिरीज ९ लाही मिळते, कारण दिवे तेच आहेत, नवी आहे ती आज्ञावली. म्हणजे नव्या घड्याळाची जी सगळ्यात मोठी बातमी, ती दादाच्या हातातल्या घड्याळाला फुकट मिळण्यासारखी होती.

शिवाय तिचं मोजमापही समजून घ्यायला हवं. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत उच्च रक्तदाब असलेल्या शंभरातल्या साधारण ४१ जणांना इशारा मिळाला. उरलेल्या ५९ जणांचं घड्याळ गप्प बसलं. रक्तदाब ठीक असलेल्या शंभरातल्या साधारण ८ जणांना उगाच इशारा गेला. इशारा आला तर तो मनावर घ्यावा. आला नाही, म्हणजे दाब ठीक आहे असं कुणीही समजू नये. सॅमसंगच्या घड्याळात आकडा दिसतो, पण त्यासाठी दंडाला बांधायच्या यंत्राशी दर २८ दिवसांनी त्याचा मेळ घालावा लागतो. यंत्र घरात हवंच, मग आकडा त्यावरच का बघू नये?

एक बदल मात्र मी खरोखर मोलाचा मानते, तो विजेचा. २०१८ मध्ये सिरीज ४ ला पाठीवर आणि बाजूच्या गुंडीवर इलेक्ट्रोड आले. दुसऱ्या हाताचं बोट गुंडीवर ३० सेकंद ठेवलं की हृदयाचा विद्युत आलेख निघतो, एका बाजूने पाहिलेला. हृदयाची लय अनियमित होण्याचा एक विकार, एट्रियल फिब्रिलेशन, त्यात दिसू शकतो, आणि तो पक्षाघाताचं मोठं कारण आहे. अमेरिकेत ४,१९,२९७ घड्याळधारकांवर झालेल्या अभ्यासात फक्त ०.५२ टक्के लोकांना अनियमित नाडीचा इशारा मिळाला, तोही विजेवरून नाही, दिव्यांनी मोजलेल्या नाडीवरून. त्यातल्या ज्यांनी नंतर छातीला पट्टी लावून तपासून घेतलं, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत हा विकार सापडला. तो येतो-जातो, त्यामुळे उरलेल्यांना तो नव्हताच असंही म्हणता येत नाही. छातीत धडधडतं, डॉक्टरकडे पोचेपर्यंत थांबतं, अशी तक्रार असलेल्या आणि इलेक्ट्रोड नसलेलं स्वस्त घड्याळ वापरणाऱ्या माणसाला मी नवं घ्या असं बिनदिक्कत सांगेन. मात्र या आलेखात हृदयविकाराचा झटका दिसत नाही. छातीत दुखत असताना बोट गुंडीवर ठेवून बसू नये. तेव्हा थेट सेक्टर नाइनचं हॉस्पिटल गाठावं.

आणि साखर दाखवणारं घड्याळ? दोन हजारांत साखर, दाब, ऑक्सिजन सगळं देणारी घड्याळं बाजारात मांडलेली असतात. सुई न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, ती वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी दिला. रक्तात साखर हजारात एक भाग, बाकी बहुतेक पाणी. प्रकाशात पाण्याचा आवाज इतका मोठा की साखरेची कुजबुज ऐकूच येत नाही. त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतेल. हे घड्याळ विकणाऱ्यांचा मला संताप येतो.

पावलांचं फार सांगण्यासारखं नाही. घड्याळ हाताचे झोके मोजतं. सायकलच्या हँडलवर हात स्थिर असतो, म्हणून सायकलने कारखान्यात जाणाऱ्याची पावलं शून्य, आणि पोळ्या लाटणाऱ्या वहिनीची वाढतात. रोज दहा हजार पावलांचा आकडाही १९६५ च्या एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून आला. दोन लहरींवर चालणारं नवं जीपीएस मुंबईच्या टॉवरांमध्ये उपयोगी पडतं. सेक्टरातल्या रुंद रस्त्यांवर, बैठ्या क्वार्टरांमध्ये आभाळ मोकळं आहे, तिथे जुनंच पुरतं.

राहिली बॅटरी. नवं २४ तास चालतं, जुनं १८. फरक खरा आहे, पण भिलाईत बॅटरीचा शत्रू वेगळा आहे. ही घड्याळं ० ते ३५ अंश हवेसाठी बनवलेली असतात. मे-अखेरच्या नवतपात इथे पारा चाळिशीच्या बराच वर असतो. उष्णतेत लिथियम बॅटरीच्या आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि तिची साठवण कायमची घटते. घड्याळ खिडकीतल्या उन्हात किंवा बंद गाडीत चार्जिंगला लावू नये. दिवस पुरेनासा झाला तर बॅटरी बदलून मिळते, तीही नव्या घड्याळाच्या किमतीच्या मानाने थोडक्यात. कंपनीने जुन्या मॉडेलला सुरक्षेच्या सुधारणा देणं थांबवलं, तर मात्र ते बदलायला हवं. दादाच्या घड्याळाची ती वेळ अजून आलेली नाही.

दादाने लेकीला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "हे चालतंय. पाठवायचंच असेल तर दंडाला बांधायचं दाबाचं मशीन पाठव."

ते आल्यावर आधी दादाचा दाब घेतला, तो ठीक निघाला. मग वहिनीला पाच मिनिटं शांत बसवलं, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवला. १५२ वर ९६. वहिनीने कधी स्मार्टवॉच घातलेलं नाही, तिला काही त्रासही होत नव्हता. सात दिवस सकाळ-संध्याकाळ घेतला, तरी दीडशेच्या खाली येईना. आता तिची गोळी सुरू आहे. किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर दादा रोज तिचा आकडा लिहितो, आणि मग छातीपाशी डबी लावून फर्स्ट शिफ्टला निघतो.