कुरकुरीत अळंबीची भजी : अळंबी कोणती घ्यावी, कशी तळावी



खोडव्यातले पाचट जाळू नका, सरीत ठेवा, असे आम्ही शेती खात्याची माणसे गावोगाव सांगत आलो. ज्यांनी ऐकले त्यांच्या रानात पावसाळ्यात एक नवाच प्रश्न उगवतो. मृगाचे दोन पाऊस झाले की कुजत्या पाचटावर पांढऱ्या छत्र्या दिसू लागतात. गेल्या पावसाळ्यात माधवनगर भागात खोडव्याची पाहणी करून एका सभासदाच्या घरी चहाला थांबलो होतो. वहिनींनी सूपभर छत्र्या आणून पुढे ठेवल्या. "साहेब, बाजारात ही पाकिटातनं विकत्यात. आमच्या रानात फुकट आल्यात. पोरं म्हणत्यात, हाटेलात मिळत्यात तशी कुरकुरीत भजी कर. करू का?"

मी "नको" म्हणालो, आणि ते सूप उकिरड्यावर रिकामे झाले. पण नुसते "नको" म्हणून भागत नाही. का नको, मग कोणती घ्यावी आणि भजी कुरकुरीत कशी होतात, हे तिन्ही सांगायला पाहिजे. म्हणून हा लेख.

रानातली छत्री का नको?

पाचटावर येणारी बहुतेक छत्री पाचट कुजवणारी असते. तिचा उसाला त्रास नाही, उलट जमिनीचे काम ती करते. तिला तिथेच राहू द्यावे. मात्र ती खाण्याची आहे की विषारी, हे नुसत्या नजरेने ठरवता येत नाही. खाण्याच्या अळंबीसारख्याच दिसणाऱ्या विषारी जाती असतात. शिवाय आपल्या रानात तणनाशक आणि कीटकनाशक मारलेले असते, ते वेगळेच.

चांदीचे नाणे काळे पडले नाही, लसूण काळी झाली नाही, किडा-मुंगीने खाल्ली आहे, म्हणजे अळंबी चांगली, अशा खुणा जुनी माणसे सांगतात. यातली एकही खूण खरी नाही. "उकळत्या तेलात तळल्यावर विष कुठं राहतंय?" असेही लोक विचारतात. राहते! सर्वांत घातक अळंबीतले विष उकळून, तळून किंवा वाळवून जात नाही. २०२२ च्या एप्रिल महिन्यात आसामात रानची अळंबी खाऊन १३ माणसे दगावली. त्यांत बरीचशी चहामळ्यातली कष्टकरी माणसे होती. त्यांनीही ती शिजवूनच खाल्ली होती.

या विषाची रीत कपटी आहे. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटू लागते, आणि आतून यकृत निकामी होत जाते. म्हणून कुणी चुकून खाल्ली तर त्रासाची वाट पाहू नये. उरलेली अळंबी सोबत घेऊन तडक मोठ्या दवाखान्यात जावे, आणि मधे बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता घरी परतू नये.

तेव्हा भजीसाठी अळंबी घ्यायची ती लागवडीची. बाजारात बटण अळंबी मिळते, आणि ढिंगरी म्हणजे शिंपल्याच्या आकाराची अळंबी मिळते. भजीला दोन्ही चालतात.

भजी मऊ का पडतात?

अळंबीत शंभरातले नव्वद भाग पाणी असते. तेलात टाकल्यावर त्या पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर येताना वरचे पीठ आतून भिजवते. बटाट्याची भजी जमणाऱ्या बाईचीही अळंबीची भजी लिबलिबीत होतात, ती यामुळे. आपण वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही. तसेच अळंबीला वाफसा आल्याशिवाय पिठात घालू नये. सगळी मेख इथेच आहे.

कृती

साहित्य : ढिंगरी किंवा बटण अळंबी पाव किलो, डाळीचे पीठ १ वाटी, तांदळाची पिठी पाव वाटी आणि भुरभुरायला २ चमचे वेगळी, ओवा, हळद, तिखट किंवा आपला कांदा-लसूण मसाला, मीठ, तळायला तेल.

१) अळंबी पाण्यात भिजत ठेवू नये. वाहत्या पाण्याखाली झटपट धुऊन कोरड्या धडप्यावर पसरावी आणि वरून टिपून घ्यावी. अर्धा तास वाऱ्यावर राहू द्यावी. चिकट झालेली किंवा आंबूस वास येणारी टाकून द्यावी.

२) ढिंगरीचा कडक देठ काढून तिच्या हाताने उभ्या पट्ट्या कराव्यात. बटण अळंबीचे दोन किंवा चार तुकडे करावेत.

३) अळंबीला आधी मीठ चोळू नये. मिठाने पाणी सुटते. मीठ पिठातच घालावे.

४) डाळीचे पीठ, तांदळाची पिठी, ओवा, हळद, तिखट, मीठ एकत्र करावे. थोडे थोडे गार पाणी घालून, चमच्याच्या पाठीवर थर बसेल इतपत भिजवावे. पातळ पीठ तेल पिते, फार घट्ट पिठाची भजी आत कच्ची राहतात. वरून एक चमचा कडकडीत तेलाचे मोहन घालावे. तांदळाच्या पिठीने कुरकुरीतपणा येतो, ती वगळू नये. सोडा घालायचाच तर अगदी चिमूटभर. जास्त सोड्याने भजी फुगतात खरी, पण तेलकट होतात.

५) कोरड्या तुकड्यांवर तांदळाची पिठी भुरभुरावी आणि झटकून घ्यावी. उरलीसुरली ओल ती शोषते, आणि पीठ निसटत नाही. मग लगेच पिठात बुडवून तेलात सोडावे.

६) तेल १७५ अंशांच्या आसपास तापलेले हवे. घरात थर्मामीटर नसतो, म्हणून पिठाचा एक थेंब टाकून पाहावा. तळाशी बसून राहिला तर तेल कच्चे आहे. लगेच बुडबुडे घेत वर आला तर बरोबर. पडताच लाल झाला तर आच कमी करावी.

७) कढईत एका वेळी आठ-दहाच तुकडे सोडावेत. गर्दी केली की तेल निवते आणि भजी तेल पितात. दोन-तीन मिनिटे तळून फिकट रंगावर काढावीत, पाच मिनिटे ठेवावीत, आणि तेल थोडे जास्त तापवून पुन्हा मिनिटभर तळावीत. पहिल्या तळणीत आतले पाणी निघते, दुसरीत कूस कडक होते.

८) झाऱ्याने काढून चाळणीत ठेवावीत. परातीत ढीग केला किंवा वर झाकण ठेवले तर वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. गरम गरमच वाढावीत. पहिल्यांदाच अळंबी खाणाऱ्याने दोन-तीन भज्यांवर थांबावे, एखाद्याला ती सोसत नाही.

आपल्या पाचटावर आपली ढिंगरी

त्या वहिनींचे एक बोलणे खरे होते. पाचटावर अळंबी येते, मग विकत का घ्यायची? ढिंगरी पाचटावर चांगली येते, फक्त बियाणे आपण निवडलेले हवे. बुरशी न आलेले कोरडे पाचट बोटाच्या दोन पेरांएवढे कापून रात्रभर भिजवावे. मग ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवून निथळावे. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पण थेंब गळू नये. दहा किलो ओल्या पाचटाला २०० ग्रॅम बियाणे, थरावर थर देऊन, भोके पाडलेल्या प्लॅस्टिक पिशवीत भरावे. अंधाऱ्या खोलीत पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढरी होते. मग प्लॅस्टिक काढून दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा द्यावा. आठवड्याभरात काढणी येते. कडा वर वळायच्या आत काढावी. आपल्याकडे हिवाळ्यात हे सहज जमते, चैत्र-वैशाखाच्या उन्हात नाही. बियाणे खात्रीच्याच ठिकाणचे घ्यावे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवर काम करणारे केंद्र आहे.

पहिल्या वर्षी धंद्याचा विचार नको. घरापुरत्या दोन-तीन पिशव्या कराव्यात. काढणीनंतर उरलेले पाचट खतात टाकावे, ते लवकर कुजते.

त्या वहिनींनी थंडीत दोन पिशव्या लावल्या. परवा गेलो तेव्हा चाळणभर भजी समोर आली, आणि ती खाताना मला विचार करावा लागला नाही. आपल्याकडेही तसेच व्हावे. शंका असेल तर रानातली छत्री चुलीवर चढवण्याआधी गट कार्यालयात येऊन विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

— ऊस विकास अधिकारी