रिक्षातली लाजाळू

लाजाळूची कुंडी मांडीवर घेऊन सांवेर रोडवरून रिक्षानं घरी निघालो. पहिल्याच दचक्याला तिनं सगळी पानं मिटून घेतली. रिक्षावाला आरशात बघत म्हणाला, “छुईमुई है क्या?”

इंदूरच्या मराठी घरांत दोन्ही नावं चालतात, पण रोख वेगळा. छुईमुई म्हणजे शिवलं की मेली. लाजाळू म्हणताना आपण तिचा स्वभावच ठरवून टाकतो. कानडीत ती ‘मुट्टिदरे मुनि’, हात लावला की रुसणारी. मल्याळममध्ये ‘तोट्टावाडी’, शिवलं की कोमेजणारी. मूळची ती अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. लाज, रुसवा हे सगळं बारसं आपलं.

तिचं खरं गुपित पाण्यात आहे. देठाच्या बुडाशी आणि प्रत्येक पर्णिकेच्या मुळाशी बारीक फुगीर गाठ असते. तिच्यातल्या पेशी पाण्यानं तट्ट भरलेल्या, त्यांच्यावर पान तोललेलं. धक्का बसला की विजेची लहर धावते, गाठीच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, त्याच्यामागून पाणीही. ती बाजू सैल पडली की पान मिटलंच. स्नायू नाही, मेंदू नाही! कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी याच झाडाच्या संवेदना नाजूक यंत्रांवर टिपल्या होत्या. आणि मिटण्याचा फायदा? जपानी संशोधकांनी २०२२ मध्ये न मिटणारी लाजाळू तयार केली, तर नाकतोड्यांनी तिची पानं जास्त फस्त केली.

एवढ्यात मांडीवर पाहतो तर पानं उघडलेली. दचके तर चालूच होते.

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी देफोंतेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं लाजाळूच्या कुंड्या घोडागाडीत घालून पॅरिसमधून फिरवल्या होत्या. तिथंही हेच घडलं. आधी पानं मिटली, मग गाडी खडखडत असतानाच उघडली. २०१४ मध्ये मोनिका गॅग्लियानो आणि सहकाऱ्यांनी कुंड्या १५ सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा खाली सोडल्या. काही वेळानं झाडं मिटेनाशी झाली. दमली म्हणावं, तर वेगळ्या तऱ्हेनं हलवताच पुन्हा मिटली. महिनाभरानंतरही त्या पडण्याला ती भ्यायली नाहीत. याला स्मृती म्हणावं का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. मला तरी दुसरा शब्द सुचत नाही.

घरापाशी उतरलो. पैसे घेता घेता रिक्षावाल्यानं हळूच एका पानाला बोट लावलं. रस्ताभरच्या दचक्यांना सरावलेली ती, झटक्यात मिटली.