मुखरोग आणि मन : कारणमीमांसेचा एक प्रश्न

अंगुत्तर निकायातील गिरिमानन्द सुत्तात मानवी शरीराला जडणाऱ्या व्याधींची जी दीर्घ गणना येते, तीत ‘मुखरोग’ हा शब्द आहे. त्याच गणनेत पुढे व्याधींच्या उत्पत्तीची आठ कारणे दिली आहेत : पित्त, कफ, वात, या तिहींचा संयोग, ऋतुपालट, शरीराची विषम निगा, अकस्मात झालेला आघात आणि कर्मविपाक. कर्मविपाक हे आठांपैकी केवळ एक. संयुत्त निकायातील मोळियसीवक सुत्तात तर, प्रत्येक वेदना पूर्वकर्मामुळेच होते हे मत स्वानुभवाला आणि लोकमान्य सत्याला सोडून आहे, असे तथागतांनी स्पष्ट केले आहे.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, आज तोंड आले की ‘उष्णता झाली’ या जुन्या निदानाच्या जोडीला ‘मनावर ताण आहे’ हे नवे निदान ऐकू येते. काही लोकप्रिय पुस्तकांत प्रत्येक व्याधीला एकेक मनोविकार चिकटवलेला असतो; गिळलेला राग म्हणजे तोंडातील व्रण, असा सरळ हिशेब! या म्हणण्यात तथ्य किती?

तथ्य आहे, पण मर्यादित. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची लहानशी जखम एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी करण्यात आली. परीक्षेच्या काळातील जखम भरण्यास सरासरी तीन दिवस अधिक लागले. पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार तोंड येणाऱ्या १६० जणांकडे वर्षभरापर्यंत दर आठवड्याला दूरध्वनीवरून चौकशी केली गेली. आयुष्यातील तणावपूर्ण घटनेनंतर नवा व्रण उद्भवण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट झाल्याचे दिसले. व्रण किती दिवस टिकतो याच्याशी मात्र त्या घटनांचा संबंध आढळला नाही. पहिला प्रयोग मुद्दाम केलेल्या जखमेचा होता, दुसरा अभ्यास आपोआप येणाऱ्या व्रणांचा; म्हणून या दोहोंत विसंगती शोधू नये.

ताण तोंडापर्यंत पोहोचतो कसा? चिंतेने शरीरातील कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात आणि प्रतिकारशक्तीचा तोल ढळतो. शिवाय चिंताग्रस्त माणूस नकळत गालाची आतली बाजू चावतो, जागरण करतो, अवेळी आणि निकृष्ट खातो. सुत्तातील ‘विसमपरिहार’ हा शब्द येथे किती नेमका बसतो!

परंतु ताण हे बहुधा निमित्त असते. मुळात तशी प्रवृत्ती असावी लागते, आणि ती पुष्कळदा घराण्यात चालत आलेली असते. लोह, फॉलिक आम्ल व बी-१२ जीवनसत्त्व यांची कमतरता, दाताची टोकदार कड, काही औषधे, आतड्याचे काही विकार हीही कारणे आहेत. आणि येथेच कार्यकारणाची उलटापालट होते. रक्तक्षय झालेली स्त्री थकलेली असते, चिडचिडी होते, तिला वरचेवर तोंडही येते. भोवतालचे म्हणतात, चिडचिडीमुळे तोंड आले. वस्तुतः दोन्ही एकाच लोहाच्या अभावाची फळे असू शकतात. बी-१२ च्या अभावाचेही तसेच. त्यानेही मन खिन्न होते. साध्या रक्ततपासणीने जे उलगडले असते, ते तिच्या स्वभावाच्या माथी मारले जाते. पूर्वकर्माच्या जागी स्वभाव आला, एवढाच काय तो फरक; दोष रुग्णाचाच राहिला.

सल्ल सुत्तात शारीरिक वेदनेचा एक बाण आणि तिच्यामागून येणाऱ्या शोकाचा दुसरा बाण, असा भेद केला आहे. तोंडातील व्रण लहान असला, तरी भाकरीचा प्रत्येक घास तिखटासह झोंबतो, बोलणे नकोसे होते; अशा माणसाला ‘तुझ्या मनानेच हे ओढवून घेतले’ असे सांगणे म्हणजे दुसरा बाण आपल्या हाताने मारणे होय.

साधा व्रण ७ ते १४ दिवसांत खूण न ठेवता भरून येतो. तोपर्यंत तिखट टाळावे, गुळण्या कराव्यात, झोप पुरी घ्यावी. मात्र एकच व्रण तीन आठवड्यांनंतरही तसाच राहिला, विशेषतः तो दुखत नसेल, कडा कठीण लागत असतील आणि तंबाखू, गुटखा वा सुपारीची सवय असेल, तर तो कर्करोग नाही याची खात्री विनाविलंब डॉक्टरांकडून करून घ्यावी. मनाची चौकशी त्यानंतर.