यंत्र बिघडलं, की तपासणी चुकली?

गैरसमज : राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी मेटल डिटेक्टरला सापडली नाही, ती गादीतल्या पोलादी तारांमुळे.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २६ जुलैला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं यंत्र व्हाइट हाउसमध्ये घेऊन गेले, पण कानाला लावलेल्या टेलिफोनमध्ये नुसती खरखर येत राहिली. कंडेन्सरची जोडणी चुकली होती. ती सुधारून १ ऑगस्टला पुन्हा तपासणी झाली, तेव्हा एका भागावर अंधूक आवाज आला. गादीखाली तारांची जाळी असल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. प्रचलित कथा इथेच संपते. बेल मात्र थांबले नाहीत. त्यांनी तशीच दुसरी जाळी मिळवून पाहिली. आवाजाचा भाग पलंगाच्या मानाने फारच लहान होता, म्हणून दोष जाळीचा नसावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. खरी अडचण मोठी होती : डॉक्टर विलार्ड ब्लिस गोळी उजवीकडेच आहे असं धरून चालले होते आणि शोधही तिथेच झाला. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे, स्वादुपिंडामागे सापडली.

गैरसमज : जमिनीवर सारखा वाजणारा डिटेक्टर बिघडलेलाच असतो.

बहुतेकदा तो जमिनीलाच प्रतिसाद देत असतो. काळ्या वाळूतलं मॅग्नेटाइट आणि वीज वाहून नेणारी ओली खारी वाळू, दोन्ही खोटे संकेत देतात. समुद्रकिनाऱ्यावर शोधायला गेलात, तर आधी कॉइल जमिनीपासून दूर, हवेत स्थिर धरा. आवाज थांबला, तर ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या खनिजांनुसार यंत्राची जुळणी, पुन्हा करा आणि संवेदनशीलता कमी करा. हवेतही वाजत राहिला, तर मोबाइल बंद करा, विजेच्या तारांपासून लांब जा, यंत्रात सोय असेल तर फ्रिक्वेन्सी बदला. केबल हलवल्यावरच वाजतो? मग जोडणी सैल आहे किंवा केबल दांड्यावर नीट गुंडाळलेली नाही. पायातल्या बुटांची टोकं पोलादी असतील, तर त्यांच्यामुळेही यंत्र वाजतं.

संवेदनशीलता पूर्ण वाढवली की यंत्र खोलवर शोधतं, हाही भ्रमच. खनिजयुक्त जमिनीत त्याने गोंगाटच वाढतो आणि खोलवरचा क्षीण संकेत त्यात बुडून जातो.

नव्या बॅटरीवर, मोकळ्या मैदानात, हवेत धरलेल्या नाण्यालाही यंत्र प्रतिसाद देत नसेल, तरच ते दुरुस्तीला पाठवा.